कोल्हापूरहून सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला : मोठ्या कुटुंबाने कसे जावे

नाताळच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची भावंडे घरी आली की कोल्हापुरातल्या बहुतेक घरांचा कार्यक्रम ठरलेला असतो : अंबाबाईचे दर्शन, जोतिबा, पन्हाळा, एक दिवस तांबडा-पांढरा आणि परतीच्या सामानात भडंगाची पाकिटे. ज्या घरांत घोड्यांचा नाद आहे, आणि कोल्हापूर-सांगली भागात तो अनेक घरांत आहे, त्यांच्या मनात मात्र कधी ना कधी सारंगखेड्याचा विषय निघतोच. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठावर वसलेल्या या गावी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा सुरू होते आणि तिच्याबरोबरच देशभर नावाजलेला घोडेबाजार भरतो. अलीकडे ‘चेतक महोत्सव’ या नावाने घोड्यांच्या शर्यती, नाच आणि देखण्या जनावरांच्या स्पर्धाही तेथे होतात.

दोघा-चौघा मित्रांनी तेथे जाणे सोपे आहे. आजी-आजोबांपासून बालवाडीतल्या मुलांपर्यंत सगळ्यांना घेऊन जाणे आणि त्यातच कुटुंबाचे वार्षिक एकत्र येणेही साधणे हे वेगळे काम आहे, आणि त्याची माहिती एका जागी सहसा मिळत नाही. म्हणून हा लेख.

पुढच्या सगळ्या सूचनांचा पाया असलेली एक गोष्ट प्रथम सांगतो. घोडे पाहण्याचा दिवस आणि एकत्र बसून जेवण्या-बोलण्याचा दिवस हे दोन वेगळे दिवस ठेवावेत. बाजारातच स्नेहभोजन, तेथेच आजोबांचा सत्कार, तेथेच मुलांचे खेळ असा बेत आखला, तर ना घोडे नीट पाहून होतात, ना माणसांशी धड बोलणे होते.

१. तारीख ठरवणे

यात्रेची तारीख मार्गशीर्ष पौर्णिमेवर ठरत असल्याने इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे ती दरवर्षी सरकते. दत्तजयंती २०२३ मध्ये २६ डिसेंबरला, २०२४ मध्ये १४ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये ४ डिसेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे ती पुन्हा पुढे सरकून २३ डिसेंबरला येते, म्हणजे नाताळच्या सुट्टीशी चांगली जुळते. “डिसेंबरात असते” एवढ्या माहितीवर कोणी रजा टाकू नये.

दत्तजयंतीच्या दिवशीच सारंगखेड्यात असण्याचा आग्रह मोठ्या कुटुंबाने सोडावा, असे माझे मत आहे. त्या दिवशी दर्शनाची गर्दी सर्वांत जास्त असते, आणि जोतिबाची चैत्र यात्रा पाहिलेल्या कोल्हापूरकराला यात्रेची गर्दी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय आपल्याकडच्या ज्येष्ठ मंडळींना त्या संध्याकाळी नृसिंहवाडीलाच जायचे असते, आणि त्यात त्यांचे चुकते असेही नाही. वाडीचा जन्मकाळ आटोपून दुसऱ्या दिवशी पहाटे निघावे. घोडेबाजार पुढेही बरेच दिवस चालू असतो. मात्र फार उशीरही करू नये, कारण चांगली जनावरे पहिल्या काही दिवसांतच विकली जातात आणि नंतर व्यापाऱ्यांची पाले (तंबू) रिकामी होत जातात.

मुलांच्या शाळांचेही आधीच पाहावे. इंग्रजी माध्यमाच्या बऱ्याच शाळांना आठवडाभर सुट्टी असते, तर मराठी शाळेतल्या मुलाला बहुधा २५ तारीख तेवढी मोकळी मिळते. एकाच घरातल्या चुलत भावंडांची सुट्टी जुळत नाही, हे निघण्याच्या आठवड्यात लक्षात येऊन चालत नाही.

२. कारभारी नेमणे

वीस-पंचवीस माणसांच्या प्रवासात सर्वांत जास्त वेळ जातो तो “आता काय करायचे” या चर्चेत. म्हणून तीन माणसांकडे तीन कामे सोपवावीत : एकाकडे गाडी आणि मुक्काम, दुसऱ्याकडे पैसे, तिसऱ्याकडे औषधे आणि ज्येष्ठ मंडळी. घरातला सर्वांत मोठा पुरुषच कारभारी असला पाहिजे असे नाही. आमच्याकडे हिशेब धाकट्या काकूंकडे आल्यापासून त्यात वाद झालेला मला आठवत नाही.

सर्वांनी सारखी वर्गणी काढून ती आगाऊ जमा करावी आणि लहान मुलांचे अर्धे तिकीट धरायचे की पाव, हे तेव्हाच ठरवावे. ज्या नातेवाइकाला “बघतो, कळवतो” म्हणण्याची सवय आहे, त्याला वर्गणी जमा होईपर्यंत मोजणीत धरू नये.

३. प्रवास

कोल्हापूर ते सारंगखेडा हे अंतर साधारण साडेसहाशे किलोमीटर आहे. रस्ता पुण्यापर्यंत ओळखीचाच आहे. पुढे नाशिक, मालेगाव, धुळे, दोंडाईचा असे जावे, किंवा अहिल्यानगर, मनमाड, मालेगाव असे. हे अंतर एका दिवसात कापता येते असे तरुण मंडळी सांगतील. जेवण, चहा आणि मुलांचे थांबे धरले तर चौदा-पंधरा तासांची ही दगदग होते, आणि दुसऱ्या दिवशी अर्धे कुटुंब खोलीत झोपून राहते. मध्ये एक मुक्काम करावाच. मनमाडच्या रस्त्याने जाताना शिर्डीला थांबू, ही सूचना प्रत्येक घरात येते. परंतु वर्षअखेरीस शिर्डीत उसळणारी गर्दी पाहता मुक्कामासाठी संगमनेर किंवा नाशिक सोईचे पडते. दर्शन घ्यायचेच असेल तर ते परतीच्या वाटेवर ठेवावे.

गाडीचे तीन पर्याय आहेत.

टेंपो ट्रॅव्हलर किंवा मिनी बस भाड्याने घेणे हा सर्वांत प्रचलित मार्ग होय. भाव ठरवताना किलोमीटरचा दर, दिवसाची किमान किलोमीटर, चालकाचा मुक्कामभत्ता, टोल आणि पार्किंग यांतले काय धरले आहे आणि काय वेगळे आहे, हे लिहून घ्यावे. मोबाइलवरचा संदेशही चालेल. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी स्वस्तात मिळते म्हणून भाड्याने घेऊ नये. भाड्याच्या वाहतुकीचा परवाना नसलेल्या गाडीला अपघात झाला, तर विम्याचा दावा अडतो.

दुसरा मार्ग म्हणजे एसटीची अख्खी बस प्रासंगिक करारावर घेणे. माणसे चाळीसच्या घरात असतील तर हा पर्याय आगारात जाऊन जरूर विचारावा. येथे एक गैरसमज नेहमी होतो. महिलांना अर्धे तिकीट आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास या सवलती नियमित फेऱ्यांच्या तिकिटांसाठी आहेत. करारावरच्या बसचे भाडे किलोमीटरप्रमाणे एकरकमी लागते, त्यामुळे सवलती धरून केलेला हिशेब कोलमडतो.

तिसरा मार्ग रेल्वेचा. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुणे, मनमाडमार्गे जळगावला पोहोचते. तेथून सुरतच्या बाजूला जाणाऱ्या गाडीने दोंडाईचाला उतरता येते आणि तेथून सारंगखेडा रस्त्याने जवळ आहे. गुडघेदुखीच्या माणसांना बसमध्ये आखडून बसण्यापेक्षा हे बरे पडते. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते आणि सुट्टीतल्या जागा लवकर संपतात, म्हणून तारीख पक्की होताच तिकिटे काढावीत.

“एवढे लांब आलोच आहोत, तर सरदार पटेलांचा केवडियाचा पुतळाही पाहून येऊ,” असे कोणीतरी म्हणणारच, कारण नंदुरबारला लागूनच गुजरातची हद्द आहे. भाड्याच्या गाडीला दुसऱ्या राज्यात शिरताना परवान्याचे आणि कराचे काम असते. केवडियाला जायचे असेल तर ते निघण्यापूर्वी मालकाला सांगून कागद करून घ्यावेत; हद्दीवर उभे राहून फोन करण्यात अर्धा दिवस जातो.

४. मुक्काम

सारंगखेडा हे गाव आहे, शहर नव्हे. महोत्सवाच्या निमित्ताने कधी तंबूंची सोय केली जाते, परंतु त्या वर्षीची व्यवस्था प्रत्यक्ष चौकशी करूनच धरावी. मोठ्या कुटुंबाने शहादा, दोंडाईचा किंवा नंदुरबार येथे मुक्काम ठेवून सकाळी बाजारात जाणे उत्तम. पाहुणेरावळे, नातेसंबंध त्या भागात असतील, तर शेतावरचे घर किंवा मंगल कार्यालयाचा हॉल मिळतो का, तेही विचारावे. पंचवीस माणसे पाच लॉजमध्ये विखुरण्यापेक्षा एका हॉलमध्ये गाद्या टाकून झोपली, तर सुट्टीचे खरे सुख तेथेच मिळते, हे माझे पक्के मत आहे.

हवामानाबद्दल कोल्हापूरकरांचा हमखास अंदाज चुकतो. आपल्याकडे डिसेंबरात एक स्वेटर पुरतो. खानदेशात मात्र दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे दात वाजतात. कानटोपी, शाल आणि लहान मुलांसाठी जाड मोजे घ्यावेत.

५. सोबत ठेवायची कागदपत्रे आणि वस्तू

लॉजवर प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे ओळखपत्र मागतात, तेव्हा आधार कार्डाची प्रत सर्वांनी जवळ ठेवावी. एसटीच्या नियमित फेरीने जाणाऱ्या ज्येष्ठांना सवलतीसाठी वयाचा पुरावा दाखवावा लागतो. याशिवाय :

– गाडी ठरवल्याची लेखी नोंद, चालकाचा क्रमांक आणि दिलेल्या आगाऊ रकमेची पावती
– रक्तदाब, मधुमेहाची औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा जास्त, आणि डॉक्टरांची चिठ्ठी
– आरोग्य विमा असल्यास त्याचे कार्ड
– मलमपट्टी, जंतुनाशक, धुळीसाठी मास्क किंवा मोठे रुमाल
– रोख रक्कम, सुट्ट्या नोटांसह. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क रखडते आणि पैसे भरताना चक्र फिरतच राहते
– प्रत्येक मुलाच्या खिशात पालकांचे नाव आणि दोन मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी
– सर्वांसाठी बंद बूट

शेवटच्या नोंदीवर आपल्या गावचा माणूस हमखास अडतो. कोल्हापुरी पायताण कितीही मजबूत असले, तरी घोड्याच्या टापेखाली आलेल्या बोटांना त्याचा काहीही उपयोग नाही. ते लग्नाला घालावे; बाजारात बूटच.

६. बाजारात वावरताना

हा भाग सर्वांनी, विशेषतः मुलांच्या आईवडिलांनी, निघण्याच्या आदल्या रात्री एकत्र बसून वाचावा. रंकाळ्यावर किंवा पन्हाळ्यावर फेरी मारून आणणारा घोडा माणसांना सरावलेला असतो. बाजारातला घोडा तसा नसतो. तो शेकडो किलोमीटरचा प्रवास करून आलेला, अनोळखी जागी बांधलेला, शेजारी अनोळखी घोडे आणि भोवती ढोल-ताशे, अशा अवस्थेत असतो. त्यात नर घोड्यांच्या जवळ घोड्या बांधलेल्या असल्या की त्यांचा ताण आणखी वाढतो.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचे फार मोठे क्षेत्र दिसते. दिसत नाही ती फक्त त्याच्या पाठीमागची जागा आणि कपाळासमोरची अगदी जवळची जागा. म्हणूनच मागून अचानक गेलेल्या माणसाला तो लाथ मारतो. त्यात दुष्टपणा नसतो, दचकणे असते. मागून जावेच लागले तर चांगले अंतर सोडून जावे. जवळ जायचे तर मोतद्दाराला, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाला, विचारून, बाजूने, खांद्याच्या रोखाने, हळू आवाजात बोलत जावे आणि हात प्रथम मानेवर ठेवावा, तोंडावर नव्हे. कान मागे चिकटवलेला, शेपूट झटकणारा, पुढच्या पायाने जमीन उकरणारा घोडा दिसला तर त्याला एकटे सोडावे. शिंगरू जवळ असलेल्या घोडीपासून मुलांना विशेष लांब ठेवावे. शिंगरू कितीही गोजिरवाणे असो.

काहीही खाऊ घालू नये. मुले गूळ, बिस्किटे, उसाचे कांडे पुढे करतात आणि मोठी माणसे कौतुकाने फोटो काढतात. घोड्याला उलटी होत नाही. पोटात चुकीचे काही गेले तर ते बाहेर टाकण्याचा मार्गच त्याच्याकडे नसतो आणि पोटशुळाने चांगले जनावर दगावते. मालकाने परवानगी दिली तरच, आणि तीही तळहात पूर्ण सपाट ठेवून.

फोटो काढण्यापूर्वी विचारावे आणि फ्लॅश बंद ठेवावा. ज्या घोड्याची किंमत लाखांत सांगितली जाते, त्याच्यापाशी सेल्फीसाठी रेटारेटी करणाऱ्या पाहुण्यांना मालक कोणत्या नजरेने पाहतो, ते एकदा पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

बाजारात शिरतानाच चुकामूक झाल्यावर भेटण्याची जागा ठरवावी आणि ती सर्वांना दाखवावी. “फोन करू” हे ठरवणे नव्हे.

७. काय पाहावे आणि केव्हा

सकाळी लवकर जावे, हेच या प्रश्नाचे अर्धे उत्तर. उन्हे वर येण्याआधी घोड्यांचे अंग घासण्याचे काम, म्हणजे खरारा, चालू असतो. एका हाताने आयाळ बाजूला धरून दुसऱ्या हाताने मोतद्दार मानेवरून पाठीकडे लांबलचक फटकारे देत जातो, आणि धुळीचा थर उडाल्यावर खालची कांती उन्हात एकदम उजळते. जनावर डोळे अर्धवट मिटून खालचा ओठ सैल सोडते. तोंडाला बांधलेल्या तोबऱ्यात हरभरे आणि चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, चावण्याचा आवाज रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येत असतो. दहानंतर गर्दी वाढते आणि हे सारे दिसेनासे होते.

घोडे पाहताना थोडी ओळख असली तर मुलांनाही रस वाटतो. मारवाडी घोड्याचे कान आत वळून टोकांशी जवळजवळ एकमेकांना भिडतात. सौराष्ट्रातल्या काठियावाडीचेही कान तसेच वळतात, पण तो बहुधा अंगाने थोडा लहान असतो. पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा नुकरा लग्नाच्या वरातीसाठी मागितला जातो. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेल्याला पंचकल्याणी म्हणतात आणि त्याला शुभ मानून जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक असते. उंची इंचांत सांगतात आणि ती डोक्यापर्यंत नव्हे, तर मान संपून पाठ सुरू होते तेथल्या उंचवट्यापर्यंत मोजतात. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ सांगणारे जाणकार पालापालांत भेटतील. त्यांचे ऐकायला मजा येते. विश्वास किती ठेवायचा ते ज्याचे त्याने ठरवावे.

शर्यती आणि नाच दुपारनंतर पाहावेत, आणि ज्येष्ठांना तेवढ्यासाठी उशिरा आणावे. दिवसभर धुळीत उभे राहणे त्यांना झेपत नाही. एकमुखी दत्ताचे दर्शन सकाळी पहिल्या प्रथम आटोपले, तर त्यांचा दिवस सार्थकी लागतो आणि तरुणांचाही जीव मोकळा होतो.

मुलांना फेरी मारायची असेल तर ती विक्रीच्या घोड्यावर नको. फेरीसाठीच ठेवलेल्या, लगाम धरून चालवणारा माणूस सोबत असलेल्या घोड्यावरच बसवावे. खोगिराचा पट्टा आवळलेला आहे ना आणि मुलाचा पाय रिकिबीत (पाय ठेवायच्या कडीत) टाचेपर्यंत आत गेलेला नाही ना, हे स्वतः पाहावे. पाय अडकून पडलेले मूल फरफटत जाते. चावा किंवा लाथ लागून जखम झाली तर ती साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे; जखम लहान दिसली तरीही.

८. घरातल्या कोणाला घोडा घ्यावासा वाटला तर

तसे वाटतेच. वडगावच्या बाजारात बैल घेतलेल्या माणसाला आपल्याला जनावर कळते असा विश्वास असतो आणि तो बऱ्याच अंशी खराही असतो, पण घोड्याची पारख वेगळी आहे. पहिल्या भेटीत खरेदी करूच नये. करायचीच झाली तर दात पाहून वय समजणारा माणूस बरोबर असावा : सुमारे अडीच वर्षांचा घोडा दोन दाती, साडेतीनच्या पुढे चार दाती होतो आणि पाचाच्या सुमारास जबडा भरतो. कडक जमिनीवर दुडकी चालवून लंगड तपासावी. पशुवैद्यकाकडून तपासणी करून प्रवासास योग्य असल्याचा दाखला घ्यावा. घोड्यांच्या वाहतुकीसाठी १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत तो सांगितलेला आहे. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून त्याची रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये. विक्रीची पावती घ्यावी. आणि साडेसहाशे किलोमीटर दूर कोल्हापुरात त्याला ठेवणार कोठे, चंदी-चारा आणि रोजचा खरारा कोण करणार, याचे उत्तर घरातल्या बाईमाणसांसमोर मोठ्याने द्यावे. बहुतेक सौदे येथेच मोडतात.

९. एकत्र जमण्याचा दिवस

हा दिवस बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, मुक्कामाच्या ठिकाणी ठेवावा. खानदेशात हिवाळ्यात शेतावर भरिताच्या जेवणावळी होतात, आणि मोठ्या कुटुंबासाठी याहून सोयीचा बेत नाही. मोठी हिरवी वांगी काटक्यांच्या जाळावर भाजतात, सोलून लाकडी बडगीत ठेचतात आणि हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात घालून फोडणी देतात. सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी. स्थानिक स्वयंपाकी आणि शेत आधी ठरवून ठेवले, की आपल्याला फक्त हात धुऊन बसायचे असते. आपल्या मंडळींपैकी कोणी कांदा-लसूण चटणीची बरणी बाहेर काढीलच. काढू द्यावी, पण स्वयंपाक्याच्या भांड्यात घालू देऊ नये. मटणाचा आग्रह असेल तर कोणाचा उपवास किंवा गुरुवार आहे का, ते विचारून बेत ठरवावा.

जेवणाआधी तासभर ज्येष्ठांना बोलते करावे. आमच्या पिढीला शर्यतीच्या गाड्या आठवतात. त्यांच्या आधीच्या पिढीला दारात बांधलेला टांग्याचा घोडा आठवतो. नातवंडांनी काल पाहिलेला घोडा ताजा असतो, त्यामुळे प्रश्न आपोआप येतात. एका पुतणीकडे मोबाइलवर हे बोलणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम द्यावे. भाषणे, आभारप्रदर्शन, बक्षीस समारंभ टाळावेत.

वेळ उरला तर शहाद्याजवळ तापीकाठचे प्रकाशा पाहावे. तेथील महादेवाच्या मंदिरांमुळे त्याला दक्षिण काशी म्हणतात. सातपुड्यातले तोरणमाळ सुंदर आहे, परंतु घाटाचा रस्ता आणि गाडी लागणारी मुले यांचा विचार करून त्यासाठी पूर्ण वेगळा दिवस असेल तरच तो बेत करावा.

१०. हिशेब आणि परतीचा प्रवास

पुण्याची मंडळी पुण्यात उतरतात, मुंबईची नाशिकलाच वेगळी होतात, आणि मग उरलेला हिशेब पुढच्या गणपतीपर्यंत लोंबकळतो. म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री, सगळे एका छपराखाली असतानाच, जमा-खर्च वाचून दाखवावा आणि येणे-देणे तेथल्या तेथे मिटवावे. चालकाचा भत्ता आणि परतीच्या टोलची रक्कम वेगळ्या पाकिटात काढून ठेवावी. परतीचा मुक्काम सकाळीच फोन करून पक्का करावा, आणि ज्यांना सोमवारी कामावर हजर व्हायचे आहे त्यांनी रविवारची रात्र प्रवासात धरू नये.